अक्षर तुटू नये म्हणून: एका छोट्या लायब्ररीची गोष्ट

(युवा कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला विषय दिला होता 'एआय आणि आपण'. या विषयावरची भाषणं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. अर्ध्या भाषणांत नोकऱ्या जाणार असतात, उरलेल्या अर्ध्यांत नव्या नोकऱ्या येणार असतात. दोन्हीकडे आपण नुसते ऐकणारे असतो. आज मी एआयच्या एका अगदी लहान भागाचं झाकण उघडून आत काय चालतं ते दाखवणार आहे. तो भाग इतका लहान आहे की पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी किंवा मुलगा आठवडाभरात तो स्वतः लिहू शकेल. आणि तो नीट लिहायला मराठी किंवा उर्दू येत असेल तर फायदाच होतो. कसा, ते पुढे सांगतो.

आमच्या काही मित्रांना एक छोटा प्रोग्राम हवा होता. शिष्यवृत्तीचा शासन निर्णय त्यात टाकायचा आणि सोप्या मराठीत किंवा उर्दूत विचारायचं, की अर्ज कोण करू शकतं, कोणते दाखले लागतात, शेवटची तारीख कोणती. उत्तर देणारं भाषेचं मॉडेल दूरच्या सर्व्हरवर असतं. आपल्या प्रोग्रामने त्याच्याशी बोलायचं ते एपीआयमार्फत. या बोलण्याचं काम करणारा जो कोड असतो, त्याला क्लायंट लायब्ररी म्हणतात. तशी एक मी पायथनमध्ये लिहिली. सुमारे २०० ओळी, आणि पायथनबरोबर जे येतं त्याव्यतिरिक्त काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही.

मागणी साधी, उत्तर थेंबाथेंबाने

आधी मागणी कशी जाते ते पाहू. एका पत्त्यावर एचटीटीपीची पोस्ट विनंती जाते. तिच्या हेडरमध्ये तुमची एपीआय की असते. आत जेसन स्वरूपात तीन गोष्टी असतात: मॉडेलचं नाव, आतापर्यंतच्या संवादाची यादी, आणि 'स्ट्रीम' हा पर्याय चालू. झालं. यात जादू काही नाही. कॉलेजच्या निकालाचं पान उघडताना तुमचा फोन ज्या रस्त्याने जातो, तोच हा रस्ता.

स्ट्रीम कशासाठी? मॉडेल उत्तर एकदम तयार करत नाही. ते शब्दांचे तुकडे, म्हणजे टोकन, एकामागून एक काढतं. आई तव्यावरून उतरेल तशी भाकरी ताटात वाढते. सगळ्या भाकऱ्या झाल्यावर वाढायचं ठरवलं तरी चूल तेवढाच वेळ जळणार, फक्त भुकेलेला माणूस रिकाम्या ताटासमोर बसून राहणार. स्ट्रीमिंग म्हणजे उतरेल तशी वाढणं. एकूण वेळ तोच, पण पहिला घास लवकर मिळतो.

हे तुकडे बहुतेक सेवा ज्या पद्धतीने पाठवतात तिचं नाव 'सर्व्हर-सेंट इव्हेंट्स'. ती एचटीएमएलच्या प्रमाणात लिहिलेली आहे आणि अगदी सोपी आहे. ओळीच्या सुरुवातीला 'डेटा' हा शब्द, मग कोलन, मग मजकूर. रिकामी ओळ आली की एक इव्हेंट पूर्ण झाला. ओळ कोलननेच सुरू झाली तर ती शेरा म्हणून सोडून द्यायची. जोडणी जिवंत आहे हे कळावं म्हणून सर्व्हर अधूनमधून अशी ओळ पाठवू शकतो. ओपनएआयच्या पद्धतीत प्रत्येक डेटा ओळीत एक छोटा जेसन असतो आणि सगळ्यात शेवटी चौकटी कंसात 'डन' असा शब्द येतो. अँथ्रॉपिकच्या पद्धतीत प्रत्येक इव्हेंटला नाव असतं, आणि 'मेसेज स्टॉप' नावाचा इव्हेंट आला की उत्तर संपलं.

ब्राउझरमध्ये हे वाचण्यासाठी 'इव्हेंटसोर्स' नावाची तयार सोय आहे. पण ती फक्त गेट विनंती करते आणि तिला आपल्या मनाचे हेडर लावता येत नाहीत. आपली विनंती पोस्ट, आणि किल्ली हेडरमध्ये. त्यामुळे ओळी वाचायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

अक्षर कुठे तुटतं

आता खरी मेख. सर्व्हरने एक ओळ पाठवली म्हणजे आपल्याला एक ओळ मिळेल असं नाही. खालचं टीसीपी फक्त एवढी हमी देतं की बाइट पाठवल्या त्याच क्रमाने येतील. कुठे तुकडा पडेल याची हमी नाही. कधी अर्धी ओळ येते, कधी एकदम साडेतीन ओळी येतात. म्हणून आलेला माल आधी एका पिशवीत साठवायचा आणि पूर्ण ओळ झाली की तेवढीच बाहेर काढायची. हे बहुतेकांना माहीत असतं.

पण ओळ तुटते तसं अक्षरही तुटतं. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजीचं प्रत्येक अक्षर एका बाइटचं. उर्दूचं प्रत्येक अक्षर दोन बाइटचं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. आपला 'क' म्हणजे २२४, १६४, १४९ या तीन बाइट. 'दाखला' या शब्दात द, काना, ख, ल, काना अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट. समजा नेटवर्कने सातव्या बाइटनंतर तुकडा पाडला. 'दा' पूर्ण आला, आणि 'ख'ची तीनपैकी एकच बाइट आली. लायब्ररीने आलेल्या तुकड्याचा लगेच मजकूर करायला घेतला, तर तिला ही एकटी बाइट कळत नाही. मग एकतर प्रोग्राम तिथेच बंद पडतो, नाहीतर 'ख'च्या जागी शंकरपाळ्याच्या आकाराच्या काळ्या चौकटीत पांढरं प्रश्नचिन्ह दिसतं. ते तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं आहे.

हा दोष इंग्रजीत दिसतच नाही. एका बाइटचं अक्षर मधून तुटणार कसं? लायब्ररी लिहिणारा इंग्रजीत हजार चाचण्या घेईल आणि हजारही पास होतील. त्याची लबाडी नाही, त्याच्यासमोर तसा मजकूर कधी आलाच नाही. आणखी एक गुंता आहे. काही सर्व्हर देवनागरी अक्षर जसंच्या तसं न पाठवता त्याचा आकडी संकेत पाठवतात, आणि तो संकेत इंग्रजी अक्षरं-आकड्यांत असतो. अशा सर्व्हरपुढे सदोष लायब्ररीही बिनबोभाट चालते. उद्या सर्व्हर बदलला की अचानक प्रश्नचिन्हं. तीही प्रत्येक वेळी नाही, तुकडा नेमका अक्षराच्या मध्ये पडला तरच. दहा वेळा नीट, अकराव्या वेळी बिघाड. असा दोष पकडायला सगळ्यात अवघड.

उपाय मात्र सोपा आणि सुंदर आहे. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ च्या सुमारास यूटीएफ-८ ची रचना केली. न्यू जर्सीतल्या एका खानावळीत ताटाखालच्या कागदावर ती मांडली गेली, असं पाइक यांनीच लिहून ठेवलं आहे. त्या रचनेत एक नियम आहे: एकापेक्षा जास्त बाइटच्या अक्षरातली प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठी असते. नवी ओळ दाखवणारी बाइट आहे १०. म्हणजे 'क' असो, 'ळ' असो की उर्दूतला 'ऐन' असो, त्याच्या पोटात १० ही बाइट कधीच सापडणार नाही. म्हणून मजकूर करायची घाई करायची नाही. बाइटच साठवायच्या, त्यातच १० शोधायची, आणि पूर्ण ओळ हाती आल्यावरच तिचा मजकूर करायचा. अक्षर तुटायला जागाच उरत नाही. माझ्या लायब्ररीत हे काम १५ ओळींत होतं. जावास्क्रिप्टच्या 'टेक्स्टडिकोडर'ला स्ट्रीमचा पर्याय देऊनही हे साधतं. तो अर्धवट राहिलेल्या बाइट लक्षात ठेवतो आणि पुढच्या तुकड्याला जोडतो.

बाइट पूर्ण झाल्या तरी अक्षर पूर्ण होतंच असं नाही. 'क्षि' आपल्या डोळ्यांना एक अक्षर. संगणकाला ती चार चिन्हं: क, हलन्त, ष, वेलांटी. मॉडेलकडून ती वेगवेगळ्या तुकड्यांत येऊ शकतात. तुकडे एकाच मजकुरात जोडत गेलात तर पडद्यावर अक्षर क्षणात आकार घेतं. प्रत्येक तुकडा पानावर वेगळ्या डब्यात ठेवलात तर जोडाक्षर फुटू शकतं. उर्दूत तर प्रत्येक अक्षराचं रूप शेजाऱ्यावर ठरतं, आणि लिहिणं उजवीकडून डावीकडे. म्हणून तुकडे जोडायचे, चिकटवायचे नाहीत. आणि 'पहिली ५० अक्षरं दाखवा' म्हणून डोळे झाकून कापायचंही नाही. वेलांटी एकीकडे आणि व्यंजन दुसरीकडे राहील.

अर्धवट उत्तर पूर्ण म्हणून देऊ नये

अक्षर तुटलं तर निदान दिसतं. उत्तर तुटलं तर दिसत नाही. ते जास्त धोक्याचं.

एचटीटीपीत आधी २०० हा आकडा येतो, म्हणजे 'सगळं ठीक'. स्ट्रीमिंगमध्ये तो पहिल्या शब्दाआधीच येऊन जातो. त्यानंतर मध्येच सर्व्हरवर ताण आला, वीज गेली, बस बोगद्यात शिरली, तर तो २०० काही परत घेता येत नाही. समजा एका मुलीने विचारलं, अर्जाला कोणते दाखले लागतात? यादीत पाच दाखले होते. चौथ्यावर जोडणी तुटली. चौथ्या दाखल्यानंतर ओळ पूर्ण आहे, वाक्य पूर्ण आहे. ती चार दाखले घेऊन तालुक्याला जाते आणि उत्पन्नाच्या दाखल्याविना परत येते. एका दिवसाची मजुरी गेली, कदाचित मुदतही गेली.

म्हणून माझ्या लायब्ररीचा एक कडक नियम आहे. शेवटची खूण, म्हणजे 'डन' किंवा 'मेसेज स्टॉप', आल्याशिवाय उत्तर पूर्ण झालं असं ती म्हणत नाही. जोडणी शांतपणे बंद झाली तरी ती 'उत्तर अपुरं आहे' असा दोष वर कळवते. शिवाय मॉडेल का थांबलं ते कारणही ती तपासते. कारण 'स्टॉप' असेल तर मॉडेलने आपणहून थांबवलं. 'लेंग्थ' असेल तर टोकनची मर्यादा संपली म्हणून तोंड बंद झालं. शेवटची खूण दोन्हीकडे येते. फरक कारणात असतो.

ही मर्यादा आपल्याला इंग्रजीवाल्यांपेक्षा आधी गाठते. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ जाहीर केलं तेव्हा एक तक्ता दिला होता. एकाच अर्थाचा छोटा मजकूर इंग्रजीत जुन्या पद्धतीने २७ टोकनचा होता, नव्या पद्धतीने २४ चा. मराठीत तोच जुन्या पद्धतीने ९६ टोकनचा होता, तो ३३ वर आला. उर्दूत ८२ वरून ३३ वर. मोठी सुधारणा आहे, पण जुन्या पद्धतीत त्याच गोष्टीसाठी मराठी माणूस इंग्रजीच्या साडेतीनपट टोकन खर्च करत होता. पैसे टोकनवर मोजले जातात आणि मर्यादाही टोकनवर. इंग्रजीत पुरणारी मर्यादा मराठीत चौथ्या दाखल्यावर संपू शकते. म्हणून लायब्ररीत ठरावीक आकडा गाडून ठेवू नये, तो वापरणाऱ्याच्या हाती द्यावा.

पुन्हा प्रयत्न कधी करायचा, हेही ठरवावं लागतं. ४०१ आला म्हणजे किल्ली चुकली, पुन्हा पुन्हा ठोठावून उपयोग नाही. ४२९ म्हणजे विनंत्या जास्त झाल्या. 'रिट्राय-आफ्टर' हेडर असेल तर तेवढा वेळ थांबायचं, नसेल तर एक, दोन, चार सेकंद असं वाढवत जायचं आणि त्यात थोडी अनियमितता ठेवायची, म्हणजे थांबलेले सगळे एकाच क्षणी पुन्हा दारावर येत नाहीत. पण उत्तराचा काही भाग पडद्यावर आल्यानंतर जोडणी तुटली, तर लायब्ररीने आपल्या मनाने पुन्हा विचारू नये. मजकूर दुप्पट होतो आणि पैसेही दोनदा लागू शकतात. तो निर्णय माणसाचा. वेळेची मर्यादाही एकूण उत्तराला लावायची नाही, दोन तुकड्यांमधल्या शांततेला लावायची. लांब उत्तर हा गुन्हा नाही. मिनिटभर काहीच न येणं ही शंकेची जागा आहे.

हलकी का?

कुणी म्हणेल, कंपन्यांच्या तयार लायब्ररी आहेत, त्या वापरा की. जरूर वापरा. मोठ्या कामाला मीही वापरतो. पण एक लायब्ररी इन्स्टॉल करताना तिच्याबरोबर तिची भावंडं, चुलत भावंडं आणि त्यांचे शेजारी असे कितीजण घरात येतात, ते एकदा मोजून बघा.

मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं एक पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' नावाच्या लोकप्रिय पॅकेजचा सांभाळ नव्या माणसाकडे गेला आणि त्यातून बिटकॉइन चोरणारा कोड आत शिरला. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या दाब-साधनात लपवलेली चोरवाट आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सापडली, तीही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे शोधताना. २०० ओळींची लायब्ररी तुम्ही एका संध्याकाळी पूर्ण वाचू शकता. तिच्यात काय आहे ते तुम्हाला माहीत असतं. जुन्या लॅपटॉपवर आणि मोजून वापरायच्या डेटावर ती पटकन बसते, हा आणखी एक फायदा.

दुसरं कारण खासगीपणाचं. माझ्या लायब्ररीत सर्व्हरचा पत्ता बदलता येतो. लामा डॉट सीपीपी, ओलामा, व्हीएलएलएम ही मुक्त साधनं तुमच्याच संगणकावर मॉडेल चालवतात आणि ओपनएआयच्या धाटणीचाच एपीआय देतात. शासन निर्णय सार्वजनिक असतो, तो बाहेर गेला तर बिघडत नाही. पण कुणाचा आधार क्रमांक, उत्पन्नाचा दाखला, कोर्टाचे कागद यांचं काय? अशा वेळी पत्ता बदला, म्हणजे कागद तुमच्या खोलीबाहेर जात नाही. मॉडेल लहान असेल, उत्तर थोडं कच्चं असेल, पण लोकांनी विश्वासाने दिलेला कागद घरातच राहील. याच कारणाने माझी लायब्ररी संवादाची नोंद कुठेही लिहून ठेवत नाही. आणि एपीआय की कोडमध्ये लिहायची नाही, वेबपानात किंवा फोनच्या ॲपमध्ये तर मुळीच नाही. गिटमध्ये एकदा गेलेली किल्ली पुसली तरी इतिहासात राहते. तशी गेली असेल तर ती रद्द करून नवी घ्यायची.

तुमच्यासाठी काम

'आमच्याकडे क्रेडिट कार्ड नाही, एपीआयचे पैसे कुठून आणायचे?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. लायब्ररी लिहायला आणि तपासायला एक रुपयाही लागत नाही. खोटा सर्व्हर लिहा. पायथनमध्ये तो ३० ओळींत होतो. त्यात मराठी, उर्दू आणि इंग्रजी मिसळलेलं एक उत्तर लिहून ठेवा आणि ते एकेक बाइट करून पाठवा. एकेक बाइट! म्हणजे प्रत्येक अक्षर जिथे जिथे तुटू शकतं, तिथे तिथे तुटायची शक्यता वाढते. या चाचणीतून जी लायब्ररी प्रश्नचिन्ह न दाखवता बाहेर येते, ती बहुधा अक्षर तोडत नाही. मग त्याच सर्व्हरला मध्येच गप्प बसायला लावा, शेवटची खूण न देता जोडणी तोडायला लावा, आणि लायब्ररी खरं बोलते का ते पाहा.

हीच चाचणी तुम्ही वापरत असलेल्या दुसऱ्यांच्या मुक्त लायब्ररींवरही चालवा. अक्षर तुटलं तर त्यांच्या प्रकल्पात नोंद करा. कोणता मजकूर होता, कितव्या बाइटला तुकडा पाडला, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल. पुन्हा घडवून दाखवता येणारा दोष कुठलाही शहाणा प्रोग्रामर आनंदाने घेतो.

आपल्यातले कितीतरी जण उर्दू शाळेतून किंवा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून येतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात भाषा आपल्याला कमीपणा वाटायला लावते. कॉम्प्युटर म्हणजे इंग्रजीवाल्यांचा प्रांत, आपण उशिरा आलो, असं वाटत राहतं. पण 'दाखला'मधला 'ख' कुठे तुटला, वेलांटी कुठे सुटली, उर्दूचा शब्द उलटा का झाला, हे एका नजरेत कुणाला दिसतं? ज्याला ती भाषा वाचता येते त्याला. घरात उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी, पुस्तकात इंग्रजी असं वाढलेल्या मुलामुलींकडे तीन लिप्यांची नजर असते. या कामात ती नजर म्हणजे पात्रता आहे, आणि ती कुठल्याही कोर्समध्ये विकत मिळत नाही.

मॉडेल बनवायला प्रचंड पैसा आणि यंत्रं लागतात. ते आज आपल्या हातात नाही. पण मॉडेल आणि माणूस यांच्यामधली ही शेवटची २०० ओळींची वाट कुणीही बांधू शकतं. ती आपण बांधली नाही तर दुसरं कुणीतरी बांधेल, आणि आपलं अक्षर त्याच्या चाचणीत नसेल.

जेवणानंतर लॅपटॉप घेऊन बसू. खोटा सर्व्हर आधी लिहू, लायब्ररी मग. प्रश्न तेव्हा विचारा.